छत्तीसवरचा लाल ठिपका

गेल्या दोन-तीन वर्षांत जोयडा तालुक्यातल्या ज्या ज्या लोकांनी माझ्याकडून गाडीत हवा भरून घेतली, त्या सगळ्यांची मी आधी माफी मागतो. आठवणी त्यानंतर. संपादकांनी मला हवा-पंक्चरच्या धंद्यातले गमतीचे अनुभव लिहायला सांगितलं होतं. तसे अनुभव पुष्कळ आहेत. पण मनावरचं ओझं उतरवल्याशिवाय ते लिहायला घेतले, तर पेन पुढं जात नाही. तीन दिवस बसून बघितलं. तिन्ही दिवस कागदावर फक्त माझं नाव उमटलं.

ते नाव नागेश. जोयड्याच्या बाजारातून रस्ता अणशीकडं वळतो तिथं माझी पत्र्याची शेड आहे. आत एक कॉम्प्रेसर, पाण्याचं एक लोखंडी घमेलं, दोन जॅक, देवांचा एक फोटो आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाकडं. आमचं घराणं मूळ खानापूरकडचं. सव्वीस वर्षं मी मराठी, कोकणी आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत पंक्चर काढतो. पंक्चर तिन्ही भाषांत सारखंच असतं.

माझ्या धंद्यात सगळ्यात सोपं काम हवा भरणं, आणि सगळ्यात कमी लोकांना कळलेलं कामही तेच. गाडी येते. मी विचारतो, किती घालू? उत्तर येतं, "घाल की हाय तेवढी." दुसरा म्हणतो, मागच्या वेळी घातली होती तेवढीच घाल, जणू मी प्रत्येकाच्या हवेची वही ठेवलीय. एक होमस्टेवाले मला नेहमी सांगत की पाहुणे शहरातले आहेत, त्यांना सोसेल अशी मऊ हवा भर. एका आजींनी मुलाच्या नव्या गाडीत हवा भरताना मला नळी आधी देवाच्या फोटोकडं धरायला लावली होती, म्हणजे पहिली हवा देवाला. मी धरली. फोटो खाली पडला. आजी म्हणाल्या, पावला.

जाणकार म्हणवणारे लोक तर याहून अवघड. ते खाली वाकून टायरच्या कडेला कोरलेला आकडा वाचतात आणि तेवढी हवा मागतात. तो आकडा म्हणजे टायरनं जास्तीत जास्त किती सोसावं याची हद्द. एखादा गडी पैजेला वीस भाकऱ्या खाऊ शकतो, म्हणून रोज त्याच्या ताटात वीस वाढायच्या नसतात. खरा आकडा ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर चिकटवलेला असतो. पुढच्या चाकांना किती, मागच्यांना किती, दोन माणसं असतील तर किती, सातजण आणि टपावर चार फणस असतील तर किती. फणसांचा उल्लेख नसतो, पण अंदाज येतो. आणि हवा तपासावी ती चाकं थंड असताना, सकाळी. अणशीचा घाट चढून आलेल्या गाडीची चाकं तापलेली असतात, आतली हवा फुगलेली असते, काटा चार-पाच पौंड जास्त दाखवतो. तो बघून हवा सोडली की दुसऱ्या दिवशी गाडी बसलेली.

हवा कमी असली तर टायर दोन्ही कडांनी झिजतो आणि तापतो. जास्त असली तर मधोमध झिजतो, गाडी प्रत्येक खड्ड्यावर उड्या मारते आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडते. हे मी लोकांना सव्वीस वर्षं समजावतोय. हे सगळं ठाऊक असलेल्या माणसाच्या हातून पुढचा प्रकार घडला, म्हणून तर रात्री झोप लागत नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. हवा मोजायचं माझं गेज हातातून निसटलं आणि मागं येणाऱ्या मालट्रकचं चाक त्याच्या कडेवरून गेलं. काच तडकली. गेज चालू राहिलं, पण काटा शून्यावर यायचा थांबला. नळीत हवा नसतानासुद्धा तो सहावर उभा. म्हणजे ते सहा पौंड जास्त दाखवायचं. मी म्हटलं, हरकत नाही, आपल्याला बेरीज येते. तीस भरायची तर काटा छत्तीसवर न्यायचा. इथल्या निम्म्या लहान गाड्यांना तीसच लागते. म्हणून बायकोची नखाला लावायची लाल पॉलिश घेतली आणि गेजच्या काचेवर छत्तीसच्या जागी एक ठिपका दिला. काटा ठिपक्यावर आला की झालं, बाकीच्या गाड्यांना त्याच्यावरूनच मागं-पुढं. नऊ-दहा वर्षं असं चाललं. हिशोब डोक्यातून उतरून हातात गेला. मला त्या ठिपक्याचा अर्थ छत्तीस आहे हेच आठवेनासं झालं. तो ठिपका म्हणजे बरोबर हवा.

मग त्या गेजची नळीच फाटली. हुबळीहून नवं गेज मागवलं. चकचकीत, काटा बरोबर शून्यावर. मी ते मोठ्या भक्तीनं पुसलं, बायकोकडून पुन्हा पॉलिश मागितली, जुनं गेज शेजारी ठेवलं, आणि जिथं जुन्यावर होता अगदी तिथंच, एक केसभरसुद्धा इकडं-तिकडं न करता, नव्यावर लाल ठिपका दिला.

माझ्या आयुष्यात इतकं नेटकं काम मी दुसरं केलेलं नाही.

त्या दिवसापासून तालुक्यातल्या सगळ्या गाड्या सहा पौंड जास्त हवेवर उड्या मारायला लागल्या. आता कुणी म्हणेल, एकालाही कळलं नाही? इथं कळणार कसं? आमचे रस्ते तुम्ही बघितलेले नाहीत. गाडी उडाली तर माणूस रस्त्याला शिव्या देतो, पावसाला देतो, ठेकेदाराला देतो. हवेवर संशय घेत नाही. माझ्या स्वतःच्या स्कूटरवर माझी कंबर धरायची. मी वैद्याकडून तेल आणलं आणि रोज बायकोकडून चोळून घेतलं. टायर मधोमध झिजलेले माझ्याकडं यायचे, मी ते हातात घेऊन मान हलवायचो आणि म्हणायचो, हल्ली कंपन्या रबर हलकं वापरतात.

पहिला इशारा दिला बेंगळूरच्या एका पाहुण्यानं. गेल्या नवरात्राच्या आधीची गोष्ट. सभ्य मुलगा, सोबत बायको. मी हवा भरल्यावर त्यानं खिशातून बोटाएवढं एक यंत्र काढलं, चाकाला लावलं आणि कन्नडमध्ये नम्रपणे सांगितलं की यात छत्तीस दाखवतंय, मला तीस हवी होती. मी त्याला चांगलं दहा मिनिटं ज्ञान दिलं. खिशातली यंत्रं ही खेळणी असतात, सव्वीस वर्षांचा हात खोटा बोलत नाही, वगैरे. बाकड्यावर दिग्गीच्या वाटेवर वडापची, म्हणजे माणशी भाडं घेणारी, जीप चालवणारा तुकाराम बसला होता, तोही माझ्या बाजूनं हसला. पाहुणा पैसे देऊन निघून गेला. पुढच्या वळणावर तो खाली बसून चाकातली हवा सोडत होता, असं नंतर तुकारामनंच सांगितलं. आम्ही दोघं परत हसलो. ते हसणं आज आठवलं की कान गरम होतात.

मग खंडेनवमी आली. आमच्यात त्या दिवशी अवजारांची पूजा करतात. मी कॉम्प्रेसर धुतला, पाने मांडले, नवं गेज स्वच्छ पुसून पाटावर ठेवलं. जुनंही पेटीतून काढलं, कारण त्यानं इतकी वर्षं घर चालवलं होतं. दोन्ही शेजारी. हळद-कुंकू लावायला वाकलो. एकाचा काटा सहावर. दुसऱ्याचा शून्यावर. लाल ठिपका दोन्हींवर एकाच जागी.

माझ्या हातातली कुंकवाची वाटी तशीच राहिली. बायको मागं घंटी वाजवत होती. तिला वाटलं मी ध्यानात गेलो, म्हणून तिनं आणखी जोरात वाजवली. मी तिला सगळं सांगितलं. तिनं घंटी खाली ठेवली, दोन्ही गेजं नीट बघितली आणि म्हणाली, "पॉलिश माझी होती. हात तुमचा होता. एवढं ध्यानात ठेवा."

मग विचारलं, आता काय करणार? मी म्हटलं, सगळ्यांना जाऊन सांगणार. ती म्हणाली, "घरोघर जाऊन हवा काढणार व्हय? लोक भरायला माणूस ठेवतात, काढायला न्हाई."

तरी मी गेलो. सुरुवात तुकारामपासून केली. त्याच्यापुढं हात जोडून उभा राहिलो आणि कबूल केलं. त्याला बराच वेळ माझा गुन्हाच समजेना. शेवटी म्हणाला, "अण्णा, जास्तच दिलीस न्हवं? कमी दिली असतीस तर भांडलो असतो. जास्त दिली म्हणून कोण रडतंय?" वर सांगितलं की त्याची गिऱ्हाइकं उडायला सवकलीत, गाडी आता मऊ केली तर झोप लागून दिग्गीच्या पुढं जातील.

अंडीवाल्या दस्तगीरचं प्रकरण याहून नाजूक होतं. त्याच्या टेम्पोतली अंडी दोन वर्षं फुटत होती. त्यानं दोष कोंबड्यांना दिला होता. कवच पातळ पडतंय म्हणून कारवारहून शिंपल्यांचा चुरा मागवून रोज त्यांना चारत होता. मी कबुली दिल्यावर तो कितीतरी वेळ खुराड्याकडं बघत उभा राहिला. कोंबड्या मात्र ठणठणीत होत्या, असल्या तजेलदार कोंबड्या मी तालुक्यात बघितलेल्या नाहीत. दस्तगीर म्हणाला, तुला माफ केलं, पण त्यांची माफी तू स्वतः माग. मी मागितली. कोंबड्यांनी फारसं मनावर घेतलं नाही.

हे हसण्यावारी गेलं. पण एक गोष्ट हसण्यावारी जाणार नव्हती, आणि तिच्यामुळंच मी हे लिहितोय.

गुंद गावात आमचे मास्तर राहतात. चौथीला मी त्यांच्या हाताखाली होतो. निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झाली. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक लहान पांढरी गाडी घेतली आणि साठीच्या उंबरठ्यावर चालवायला शिकले. गाडीवर त्यांचा जीव. अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, शेजारी बसवून ते जोयड्याला यायचे, आधी माझ्याकडं हवा बघायचे, मग बाजार. गेल्या वर्षी ते मला म्हणाले, "नागेशा, गाडी हातात राहात न्हाई. उडती. हवा बरोबर हाय काय बघ." मी ठिपका बघितला आणि म्हणालो, बरोबर हाय. महिन्यानं पुन्हा तेच. मी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ते अजिजीनं म्हणाले, एकदा नीट बघ की रे. मी नीट बघितलं. काटा ठिपक्यावर होता.

"मास्तर," मी म्हणालो, "हवेचं काय न्हाई हे. आता वय झालं."

हे वाक्य मी बोललो. सहज, हात पुसता पुसता बोललो. मास्तरांनी स्टिअरिंगवरचे आपले दोन्ही हात बघितले आणि म्हणाले, व्हय, आसंल.

खंडेनवमीनंतर मी तुकारामला विचारलं, मास्तर बरेच दिवस दिसले नाहीत. तो म्हणाला, मास्तरांनी गाडी सोडली, आता माझ्या जीपनं येतात, मागच्या बाकावर तांदळाच्या पोत्याला टेकून बसतात. गाडीची किल्ली मात्र सदऱ्याच्या खिशात असते, जीपला धक्का बसला की तिच्यावर हात ठेवतात. बेळगावचा पुतण्या गाडी न्यायला येणार आहे. मास्तरांना पुतण्याचं ऐकवत नाही, म्हणून सोमवारी गावच्या देवाला कौल लावणार आहेत. देव सोड म्हणाला तर किल्ली द्यायची आणि परत कधी हात लावायचा नाही.

कौल म्हणजे काय ते बाहेरच्यांसाठी सांगतो. देवाच्या अंगावर फुलाच्या ओल्या पाकळ्या डाव्या-उजव्या बाजूला चिकटवतात. पुजारी देवापुढं प्रश्न मांडतो, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लग्न, शेत, आजारपण, सगळं असं विचारतात. आणि एकदा देव बोलला की विषय मिटला. कुणी वर अपील करत नाही.

म्हणजे सोमवारी देवानं डावी पाकळी पाडली असती, तर माझ्या नेलपॉलिशच्या ठिपक्यापायी मास्तर उरलेला जन्म पोत्याला टेकून बसले असते.

सोमवारी सकाळी शेडला कुलूप घालून, गेज पिशवीत टाकून स्कूटरनं गुंदला निघालो. वाटेत काय काय बोलायचं ते पाठ केलं. पोचायला उशीर झाला. देवळात आठ-दहा माणसं जमली होती, पाकळ्या चिकटवून झाल्या होत्या, मास्तर हात जोडून, डोळे मिटून उभे होते. अक्का खांबाला टेकून होत्या. गाडी बाहेर अंगणात धुऊन ठेवलेली. पुजाऱ्यानं गाऱ्हाणं सुरू केलं होतं.

"बा म्हाराजा, ह्ये मास्तर तुझं लेकरू. आजवर गाडी हाकत आलं. आता हात ऱ्हायले न्हाईत म्हणतंय. त्यानं गाडी हाकायची तर उजवी दे, सोडायची तर डावी दे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

सवयीनं मीही व्हय म्हाराजा म्हणालो, आणि मग आठवलं की आपण हे थांबवायला आलोय. गाऱ्हाण्याच्या मध्ये बोलायचं नसतं. काय करावं सुचेना. मास्तर समोर होते, त्यामुळं माझा हात आपोआप वर गेला, चौथीत जायचा तसा.

मास्तरांनी एक डोळा उघडला. "नागेशा, हात खाली. लघवीला लागली तर जाऊन ये."

"लघवी न्हाई मास्तर. हवा."

दोन माणसं माझ्यापासून लांब सरकली. मग मी पाठ केलेलं सगळं विसरलो आणि जे तोंडात आलं ते बोललो. "तुम्ही तीनदा विचारलंत, हवा बरोबर हाय काय म्हणून. तिन्ही वेळा मी व्हय म्हणालो. बरोबर नव्हती. सहा पौंड जास्त होती. गाडी उडायची ती माझ्यामुळं, तुमच्या हातामुळं न्हाई. आणि वय झालं म्हणालो, ते माझं मला कळत न्हवतं म्हणून म्हणालो."

मी पिशवीतून गेज काढून ठिपक्याची हकिकत सांगितली. मास्तरांनी ती पूर्ण ऐकली. त्यांच्या चेहऱ्यावर राग यावा म्हणून मी वाट बघत होतो, राग आला असता तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "चौथीत पण तुझं हेच. गणित बदललं तरी मागच्या गणितातला हातचा सोडायचा न्हाईस."

मग खरी अडचण पुजाऱ्यानं सांगितली. गाऱ्हाणं घालून झालं होतं. प्रश्न देवाकडं गेला होता. तो आता परत कसा घ्यायचा? टपालाच्या पेटीत टाकलेलं पत्र काढता येतं का? यावर बरीच चर्चा झाली. एका म्हाताऱ्यानं मार्ग सुचवला की पहिला प्रश्न असू दे, त्याला जोडून देवाला हवेचंही विचारून घेऊ, तीस का छत्तीस. बहुतेकांना ते पटलं. पुजारी तर नव्या पाकळ्या भिजवायला निघाला. उद्या देव छत्तीस म्हणाला तर मी कुठं जाऊ? मी घाईघाईनं सांगितलं की देवाला कशाला त्रास, ते गाडीच्या दारावर लिहिलेलं असतं.

सगळी मंडळी अंगणात आली. मास्तरांनी खिशातून किल्ली काढून दार उघडलं. चौकटीवर आकड्यांच्या जागी मास्तरांनी 'शुभ लाभ' चिकटवलेलं होतं. गाडी घेतल्या दिवशी. खरवडायला पुजारी तयार होईना, देवळाच्या दारात शुभ कसं खरवडणार. शेवटी तडजोड झाली. शुभ ठेवायचं, लाभ काढायचा. मी नखानं लाभ काढला. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, तीस.

मी चारी चाकांशी एकेक करून बसलो आणि हवा सोडली. सू करून आवाज येत होता आणि आठ-दहा माणसं डोक्यावरची टोपी काढून गप्प उभी होती. प्रत्येक चाकापाशी मी काटा मास्तरांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून चारी वेळा वाचला, आणि चौथ्या वेळी मोठ्यानं.

"आता एक फेरी मारून बघतो," ते म्हणाले.

पुजारी म्हणाला, कौल व्हायचाय. मास्तर म्हणाले, देव विचार करतोय तोवर येतो. अक्कांना त्यांनी शेजारी बसवलं. मला म्हणाले, तू मागं बस, तुझीच चूक हाय.

तांबड्या मातीचा रस्ता शेतांच्या कडेनं खाली ओढ्यावरच्या मोरीपर्यंत जातो. पहिला खड्डा आला, गाडी नुसती डुलली. दुसरा आला, तशीच डुलली. मास्तर मागं वळून म्हणाले, बघ, बघ. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की माझ्या छातीवरचा दगड तिथंच उतरला. उतरल्यावर मी पहिल्यांदा समोर बघितलं.

मास्तर रस्त्याच्या बरोबर मधोमध चालले होते. दुसऱ्या गिअरमध्ये, आणि गाडी ओरडत होती. रिकाम्या रानाला ते हॉर्न देत होते, आणि वळणावर मात्र देत नव्हते, कारण वळणावर ते माझ्याशी बोलायला मागं बघत होते. एक म्हैस बाजूला झाली. ती झाली म्हणून, मास्तरांनी काही केलं नाही. मोरीच्या कठड्याला आरशाचं टोक घासलं. मी दाराचं हँडल दोन्ही हातांनी धरलं आणि मनात देवाला म्हणालो, बा म्हाराजा, कौल थांबव.

तेवढ्यात मास्तरांनी विचारलंच. "नागेशा, आता खरं सांग. माझे हात गेलेत काय?"

खंडेनवमीला पाटावरच्या दोन गेजांपुढं मी शपथ घेतली होती की तपासल्याशिवाय कुणाला बरोबर हाय म्हणायचं नाही. आणि आता मी तपासत होतो, मागच्या सीटवरून.

"मास्तर, हवा एकदम बरोबर हाय."

"हवेचं न्हाई विचारलं."

"हात थोडे... इकडं-तिकडं जातात, मास्तर."

गाडी थांबली. इंजिन बंद पडलं, ते त्यांनी केलं का आपोआप झालं, माहीत नाही. मास्तर स्टिअरिंगवरचे हात बघत बसले. मला वाटलं, सकाळी या माणसाला जे परत दिलं, ते मीच दुपारच्या आत परत काढून घेतलं. माझ्यासारखा करंटा तालुक्यात नसेल.

अक्का देवळापासून एक शब्दही बोलल्या नव्हत्या. आता म्हणाल्या, "थोडे म्हणे. पहिल्या दिवसापासून जातात."

मास्तर त्यांच्याकडं वळले. "पहिल्या दिवसापासून?"

"गाडी आणली त्या दिवशीच तुळशीच्या कट्ट्यावर घातलीत. तवा दोन केस काळे होते, एवढाच फरक."

"मग इतकी वर्षं बोलली न्हाईस ती?"

"तुम्ही मास्तर. तुम्हाला चूक कोण सांगणार? आणि वाटंवर असतंय कोण, दोन म्हशी. त्यांना कळतंय."

मला पुढचं बघवेना. पण त्यांच्या मानेवरून दिसत होतं की आत काहीतरी बेरीज चाललीय. मग ते सावकाश म्हणाले, "म्हणजे वयामुळं न्हाई. पहिल्यापासून असंच. म्हणजे माझे हात गेलेले न्हाईत."

"जायला आधी असाय पायजेत," अक्का म्हणाल्या.

मास्तर इतके हसले की चष्मा निघाला. मला वाटतं, जगात दुसरा माणूस नसेल ज्याला आपल्याला गाडी कधीच येत नव्हती हे कळल्यावर एवढा आनंद झाला. ते म्हणाले, येत न्हाई ते शिकता येतं, गेलेलं काय परत येत न्हाई. दोन पिढ्यांना हेच शिकवत आलो आणि स्वतःला सांगायचं राहिलं. मग मला हुकूम केला, पुढं ये. अक्का मागं गेल्या, आनंदानं गेल्या. मी शेजारी बसून परतीच्या वाटेवर दर वळणाला म्हणत राहिलो, डावीकडनं मास्तर, डावीकडनं, आणि माझ्याकडं बघू नका. चौथीत ते माझ्यावर जसे ओरडायचे तसं त्यांच्यावर ओरडायला मला जमलं नाही. पण एकदा, मोरीपाशी, जमलं.

देवळात परत आलो तर तिथं गोंधळ चाललेला. सगळेच गाडी बघायला अंगणात थांबले होते, देवाकडं कुणाचंच लक्ष नव्हतं, आणि दोन्ही पाकळ्या खाली पडल्या होत्या. आधी उजवी पडली का डावी, कुणी बघितलं नव्हतं. पुजारी आमच्यावर चिडला. म्हणाला, पुढच्या सोमवारी पुन्हा लावावा लागंल.

"पुढच्या सोमवारी मला सवड न्हाई," मास्तर म्हणाले. "हिला घेऊन जोयड्याला जायचंय." आणि किल्ली खिशात टाकली.

पुढचा रविवार मी पूर्ण त्यांच्या शेजारी बसून काढला. गाडी आता बऱ्यापैकी डाव्या बाजूनं चालते, वळणावर हॉर्न देते. तिसरा गिअरही पडतो, मास्तरांचा मूड असेल तर. गेजवरचा ठिपका मी रॉकेलनं पुसून टाकला. आता प्रत्येक गाडीचं दार उघडून आकडा वाचतो, लोक वैतागतात, मी वाचतो.

त्या सोमवारी दहाच्या सुमाराला पांढरी गाडी माझ्या शेडपाशी आली, बाकड्याच्या वीतभर अलीकडं थांबली. बाकड्यावरचा तुकाराम तोवर कॉम्प्रेसरमागं गेला होता. मास्तर ऐटीत उतरले आणि म्हणाले, "नागेशा, हवा बघ."

पलीकडच्या दारातून अक्का उतरल्या, पदर सारखा केला, आणि म्हणाल्या, "हवा मागनं बघ रे. आधी मला पाणी दे."